उघड्यावरील डांसांचें निवारण

आश्विनांतील पौर्णिमेची रात्र महाराष्ट्रांत जागविली जाते. पाऊस मागें हटलेला असतो, आकाश धुतल्यासारखें स्वच्छ झालेलें असतें, आटीव दुधाचें पातेलें चांदण्यांत ठेवलेलें असतें आणि लहानथोर मंडळी गच्चीवर, अंगणांत किंवा नदीकांठीं जमून गाण्यागोष्टींत मध्यरात्र गांठतात. ‘को जागर्ति ?’, म्हणजे कोण जागें आहे, असें विचारीत लक्ष्मी त्या रात्रीं फिरत असते अशी समजूत आहे. परंतु त्या प्रश्नाला सर्वांच्या आधीं जो ओ देतो, तो मनुष्य नव्हे. तो डांस होय. पावसाचें पाणी जागोजाग सांचून राहिल्याला थोडे आठवडे झालेले असतात, हवेंत उबारा असतो, आणि पायांवरचें पांघरूण बाजूस सारून माणसें निवांत बसलेलीं असतात. डांसाला याहून अधिक काय हवें ?

पुण्यांतील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर अशी कोजागिरी पुष्कळ वर्षें होत आली होती. त्या इमारतींतील एका आजीबाईंच्या हातचें मसाल्याचें दूध हा त्या रात्रीचा मानाचा भाग असे. पण एका वर्षीं भाद्रपदांत त्यांच्या सात वर्षांच्या नातीला डेंग्यूचा ताप आला. आठ दिवस रुग्णालयांत काढावे लागले. रक्तांतील प्लेटलेटांचा आंकडा रोज सकाळीं येई, आणि त्या आंकड्यावर घरांतील माणसांचें जेवण व झोंप अवलंबून असे. मुलगी बरी झाली. आजीबाईंच्या मनांतील भय मात्र बरें झालें नाहीं. त्या वर्षीं कोजागिरी झालीच नाहीं, आणि पुढच्या वर्षीं ती जवळ येतांच त्यांनीं सांगून टाकलें, “गच्ची नको. दूध घरांत प्यावें, खिडक्या लावून.”

मुलानें उत्तरादाखल बाजारांतून एक लहानशी डबी आणली. तिच्यांत विजेरीवर चालणारा चिमुकला पंखा होता व पंख्यापुढें औषधाची चकती होती. “आई, ही जवळ ठेवली कीं डांस फिरकत नाहीं, असें हिच्यावर लिहिलेलें आहे,” तो म्हणाला. आजीबाईंनीं डबी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलें, “डांसाला वाचतां येतें का रे ?”

प्रश्न विनोदानें विचारलेला असला तरी रास्त आहे. घरांत जाळी आहे, मच्छरदाणी आहे, दार लावून घेण्याची सोय आहे. उघड्यावर यांतलें कांहींच नाहीं. म्हणून खिशांत मावणारीं, कमरेला अडकविण्याचीं, मनगटांत घालण्याचीं, टेबलावर ठेवण्याचीं अशीं नाना तऱ्हेचीं उपकरणें आज विकलीं जात आहेत. त्यांतील कोणतें खरें आणि कोणतें खोटें, खरें असेल तें किती खरें, आणि कोणत्या डांसाविरुद्ध खरें, हें पारखून घेतल्यावांचून गच्चीचें दार उघडावें कीं लावावें हें ठरवितां येत नाहीं.

प्रथम डांस माणसाला शोधतो कसा, हें समजून घेणें अवश्य आहे. चावते ती केवळ मादी. नर फुलांचा रस व झाडांचे गोड पाझर यांवर निर्वाह करतो. मादीचें स्वतःचें पोटहि गोड रसावर भागतें. परंतु अंडीं तयार होण्यासाठीं तिला रक्तांतील प्रथिनें लागतात. हें रक्त हुडकण्यासाठीं निसर्गानें तिला विलक्षण नाक दिलेलें आहे. माणूस श्वासावाटें जो कर्बद्विप्राणिद वायु बाहेर टाकतो, त्याचा पट्टा वाऱ्याबरोबर वाहत जातो. तो लागतांच मादी वाऱ्याच्या उलट दिशेनें उडूं लागते. जवळ येतांच घामांतील दुग्धाम्लासारख्या पदार्थांचा गंध, अंगाची ऊब व त्वचेभोंवतालचा ओलावा तिला नेमकी जागा दाखवितात. गडद रंगाचे कपडे तिला अधिक ठळक दिसतात. तेव्हां निवारणाच्या वाटा उघडच तीन. हा माग पुसून टाकावा, तो घेणाऱ्या डांसाला गोंधळवावें, किंवा त्याला अंगापर्यंत पोंचूंच देऊं नये.

धुरानें डांस हटविण्याची युक्ति फार जुनी आहे. गोठ्यांत सायंकाळीं कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करण्याची चाल महाराष्ट्रांतील खेड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. धुराला मात्र एक अडचण असते. तो जितका डांसाला नकोसा, तितकाच माणसालाहि नकोसा. या युक्तीला शास्त्राची जोड मिळाली ती एका फुलामुळें. शेवंतीच्या कुळांतील एक पांढरें फूल अॅड्रियाटिक समुद्राकांठच्या डाल्मेशिया प्रांतांत होतें. त्याची वाळविलेली पूड कीटकनाशक म्हणून युरोपांत विकली जात असे. तिला पायरेथ्रम म्हणतात. १८८६ मध्यें या फुलाचें बीं जपानांतील एइइचिरो उएयामा या संत्र्यांच्या व्यापारी बागाईतदाराच्या हातीं आलें. त्यानें त्याची लागवड केली आणि १८९० मध्यें पायरेथ्रमची उदबत्ती तयार केली. ती चाळीसएक मिनिटांत जळून जाई. माणसाची झोंप त्याहून लांब असते, हें त्याची पत्नी युकी हिनें ओळखलें. उदबत्ती सापाच्या वेटोळ्यासारखी वळवावी, म्हणजे तिची लांबी वाढेल पण जागा वाढणार नाहीं, असें तिनें १८९५ मध्यें सुचविलें. ती कल्पना व्यवहारांत उतरण्यास आणखी सात वर्षें लागलीं. १९०२ मध्यें वेटोळी बाजारांत आली आणि रात्रीचे सहासात तास ती जळूं लागली. आज भारतांतील घराघरांत ‘कॉइल’ या नांवानें जी ओळखली जाते, तिची ही जन्मकथा. पत्र्याच्या एका टेकूवर कोठेंहि नेऊन ठेवतां येणारें डांसांविरुद्धचें हें पहिलें खरेंखुरें सुटसुटीत साधन म्हणावयास हरकत नाहीं.

१९४९ मध्यें अमेरिकेच्या कृषिखात्यांतील मिल्टन शेक्टर व त्यांचे सहकारी यांनीं पायरेथ्रमच्या घटकांशीं साम्य असलेलें अॅलेथ्रिन नांवाचें रसायन प्रयोगशाळेंत घडविलें. फुलांच्या पिकावरचें अवलंबन कमी झालें. पुढें याच घराण्यांत ट्रान्सफ्लुथ्रिन व मेटोफ्लुथ्रिन हीं द्रव्यें निघालीं. यांचा मोठा गुण असा कीं, कापूर जसा आपोआप उडून जातो तशीं तीं साध्या हवेंतहि थोडथोडीं उडत राहतात. त्यामुळें विस्तवाची गरज संपली. या द्रव्यांचा अंश हवेंत असला म्हणजे डांसाच्या मज्जातंतूंचें काम बिघडतें. तो सैरभैर होतो, माग सोडून निघून जातो किंवा चावण्याचें विसरतो, आणि अंश अधिक असल्यास खालीं पडून मरतो.

आजचीं सुटसुटीत उपकरणें बहुतांशीं याच तत्त्वावर चालतात. त्यांचे तीन प्रकार ध्यानांत ठेवावे. पहिल्या प्रकारांत ब्युटेन वायूची लहान नळकांडी असते. तिच्या उष्णतेनें अॅलेथ्रिन मुरविलेली चकती तापते व वाफ निघते. अमेरिकेंत शिकारी व मासे धरणारे लोक असें उपकरण जवळ बाळगतात. एक चकती सुमारे चार तास पुरते व ती निळ्याची पांढरी झाली म्हणजे संपली असें समजावयाचें. वायूची नळकांडी सुमारे बारा तास चालते. दुसऱ्या प्रकारांत हीच उष्णता पुनःपुन्हा भरतां येणाऱ्या विजेरीपासून मिळते व औषध द्रवरूपांत असतें. तिसऱ्या प्रकारांत उष्णता नाहींच. लहानसा पंखा मेटोफ्लुथ्रिनच्या चकतीवरून वारा सोडतो. पुण्याच्या त्या घरीं आलेली डबी ही या तिसऱ्या जातीची होती.

तापविण्याच्या उपकरणांभोंवतीं पंधरा ते वीस फुटांचें क्षेत्र सुरक्षित होतें असें त्यांचे निर्माते सांगतात. या सांगण्यांत तथ्य आहे, पण त्यास अटी आहेत. आणि गिऱ्हाइकाची फसगत होते ती उपकरणामुळें कमी व या अटी न वाचल्यामुळें अधिक. पहिली अट वेळेची. वाफ पसरून तिचें कुंपण तयार होण्यास पंधरा मिनिटें ते अर्धा तास लागतो. डांस चावूं लागल्यावर उपकरण सुरू करणें म्हणजे पाऊस लागल्यावर छप्पर शाकारण्यासारखें आहे. दुसरी अट वाऱ्याची. हवा अगदीं संथ असेल तर कुंपण टिकतें. वारा सुटला कीं तें एका बाजूस वाहून जातें. म्हणून उपकरण ज्या दिशेनें झुळूक येते त्या बाजूस, जमिनीजवळ, माणसांच्या व वाऱ्याच्या मध्यें ठेवावें, म्हणजे वाफ बसलेल्यांच्या अंगावरून जाते. तिसरी अट स्थिरतेची. हें साधन बसणाऱ्याचें आहे, चालणाऱ्याचें नव्हे. कमरेला डबी अडकवून जो टेकडीवर फिरावयास निघतो, तो आपलें कुंपण मागें सोडून पुढें जात असतो. चौथी अट जागेची. वायूवर चालणारीं उपकरणें केवळ उघड्यावर वापरावयाचीं असतात. तंबूंत, मोटारींत किंवा बंद खोलींत तीं लावल्यास वाफ कोंडते आणि ज्वलनांतून निघणारा विषारी वायूहि कोंडतो.

आतां परीक्षेकडे वळावें. २०१७ मध्यें अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं बाजारांतील अकरा निवारकें एकाच कसोटीस लावलीं. एका बोगद्यांतून मंद वारा सोडला, वाऱ्याच्या वरच्या अंगास एक माणूस बसविला आणि खालच्या अंगास एडीस इजिप्ती जातीचे डांस ठेवले. माणसाकडे किती डांस ओढले जातात, हें मोजावयाचें. अंगावर वापरण्याच्या उपकरणांपैकीं मेटोफ्लुथ्रिन व पंखा असलेलें एकच उपकरण उतरलें. डीट हें द्रव्य किंवा लिंबासारख्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलें पीएमडी हें द्रव्य असलेले फवारेहि चांगले ठरले. सुगंधी तेलाचीं कंकणें नापास झालीं. गवती चहाच्या कुळांतील सिट्रोनेला तेलाची मेणबत्ती डांसांनीं जुमानलीच नाहीं. आवाज करून डांस पळविणारें उपकरणहि व्यर्थ ठरलें.

या आवाजी उपकरणांविषयीं थोडें अधिक सांगणें आवश्यक आहे, कारण तीं अजूनहि निरनिराळ्या रूपांनीं विकलीं जातात व आतां तर दूरध्वनीच्या यंत्रांतहि तशी योजना असल्याचें सांगितलें जातें. माणसाला ऐकूं न येणारा सूक्ष्म आवाज वटवाघळाचा किंवा नर डांसाचा समजून मादी पळून जाते, अशी त्यांमागील उपपत्ति आहे. २००७ मध्यें या विषयावरील दहा प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील एकाहि प्रयोगांत डांस चावण्याचें प्रमाण कमी झाल्याचें आढळलें नाहीं. जें यंत्र मुळींच चालत नाहीं तें केवळ पैशाचें नुकसान करतें असें नव्हे. तें माणसाला बेसावध करतें, आणि हें नुकसान मोठें आहे.

धुराच्या वेटोळीलाहि एक सावधगिरीची सूचना जोडणें प्राप्त आहे. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत चीन व मलेशिया येथील वेटोळ्या तपासण्यांत आल्या. एका वेटोळीच्या जळण्यांतून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. उघड्या गच्चीवर हा धूर विरून जातो हें खरें; पण तिच्या धुरांत तोंड घालून लहान मुलांना बसविणें किंवा तीच वेटोळी उचलून निजण्याच्या बंद खोलींत नेणें शहाणपणाचें नव्हे.

यंत्रापेक्षां भरंवशाचें साधन अंगावरच वागविणें बरें, असें अनेक तज्ज्ञ सांगतात, आणि त्यास आधार आहे. अंगाला लावण्याचें डीट हें द्रव्य अमेरिकेंत सैन्यासाठीं शोधण्यांत आलें, १९४६ मध्यें तें सैनिकांच्या हातीं पडलें व १९५७ मध्यें सर्वसामान्यांस मिळूं लागलें. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनें डीपा नांवाचें द्रव्य विकसित केलें. भारतांत मिळणाऱ्या कित्येक मलमांत याच घराण्यांतील द्रव्यें असतात. पिकॅरिडिन हें आणखी एक चांगलें द्रव्य होय. हीं लावतांना जखमेवर, डोळ्यांभोंवतीं व तोंडाजवळ लावूं नयेत. लहान मुलांच्या हातांना लावूं नयेत, कारण तीं हात तोंडांत घालतात. मोठ्यांनीं आपल्या तळहातावर घेऊन मग मुलांच्या अंगास चोळावें. दोन महिन्यांच्या आंतील अर्भकास डीट मुळींच लावावयाचें नसतें, व निलगिरीपासूनचें तें द्रव्य तीन वर्षांच्या आंतील मुलांसाठीं नाहीं. अर्भकाच्या पाळण्यावर जाळी हाच उपाय. पूर्ण बाह्यांचे, सैल व फिक्या रंगाचे कपडे हाहि उपायच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहींत.

एका साध्या साधनाकडे मात्र सर्वांचें दुर्लक्ष होतें. तें म्हणजे विजेचा उभा पंखा. डांस हा फार दुबळा उडणारा आहे. पंख्याच्या झोतांत त्याला नीट उडतां येत नाहीं. शिवाय श्वासाचा व घामाचा गंध त्या झोतानें पांगून जातो आणि माग घेणाऱ्या मादीला धागाच सांपडत नाहीं. पाय हीच डांसांची आवडती जागा असल्यामुळें पंखा खालच्या अंगास वळवावा. अर्थात् जेथें पंख्याचा झोत आहे तेथें वाफेचें उपकरण ठेवून उपयोग नाहीं. एकानें उभारलेलें कुंपण दुसरा मोडून टाकतो. दोहोंपैकीं एक निवडावें, किंवा दोन्हीं गच्चीच्या दोन टोकांस ठेवावीं.

वाफेचीं द्रव्यें माणसास सांगितल्या मात्रेंत विशेष अपायकारक नसलीं तरी सर्व सृष्टीस तशीं नाहींत. माशांना तीं अत्यंत विषारी आहेत; मधमाशांनाहि घातक आहेत. मांजरांना या घराण्यांतील कांहीं द्रव्यें सोसत नाहींत. म्हणून माशांच्या कांचपेटीजवळ, अंगणांतील कमळाच्या कुंडाजवळ तीं ठेवूं नयेत, आणि खाद्यपेयांवर झांकण असावें. चांदण्यांत ठेवलेल्या दुधावर पातळ फडकें पुरत नाहीं. उपकरण चालू असेपर्यंत पातेलें झांकलेलेंच बरें. भारतांत १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वयें अशा द्रव्यांची नोंदणी करावी लागते. वेष्टनावर द्रव्याचें नांव, प्रमाण व नोंदणी क्रमांक नसेल, तर ती वस्तु कितीहि स्वस्त असली तरी घेऊं नये.

येथवर आजीबाईंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर झालें. डबी खोटी नव्हती. अटी पाळल्या तर गच्चीवरील डांस तिनें बरेच कमी झाले असते. पण आजीबाईंना भय होतें तें डांसाच्या चाव्याचें नव्हे, डेंग्यूचें. आणि येथें वेळेचा एक प्रश्न उभा राहतो.

सिकंदराबाद येथें २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांनीं एका डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु पाहिले, तेव्हां डांस व रोग यांचें नातें निर्विवाद ठरण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु सर्व डांस सर्व रोग पसरवीत नाहींत, व सर्वांचे चावण्याचे प्रहरहि एक नाहींत. हिवताप पसरविणारी अॅनॉफिलीस जात रात्रीं चावते. हत्तीरोग पसरविणारी क्यूलेक्स जातहि रात्रीं चावते. गटारांच्या घाण पाण्यांत वाढणारा व कानाशीं गुणगुणणारा डांस बहुधा हाच. डेंग्यू पसरविणारी एडीस इजिप्ती मात्र दिवसाची आहे. तिच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात. सूर्योदयानंतरचे कांहीं तास व सूर्यास्तापूर्वीचे कांहीं तास हा तिचा मुख्य उद्योगाचा समय. तेव्हां कोजागिरीच्या मध्यरात्रीं चांदण्यांत बसलेल्या मुलीला डेंग्यूचें भय सर्वांत कमी, आणि त्याच मुलीला शाळेंतून येऊन सायंकाळीं पांच वाजतां जिन्याखालीं खेळतांना तें सर्वांत अधिक ! आजीबाईंनीं पहारा बसविला होता तो भलत्याच प्रहरीं.

पेरू देशांतील इकितोस शहरांत घरांमध्यें ट्रान्सफ्लुथ्रिनच्या पट्ट्या टांगून एक मोठा प्रयोग करण्यांत आला व त्याचे निष्कर्ष २०२२ मध्यें प्रसिद्ध झाले. एडीस डांसांमुळें होणाऱ्या विषाणूंचा संसर्ग सुमारे ३४ टक्क्यांनीं कमी झाला. ही मोठी मिळकत आहे. परंतु तीस-पस्तीस टक्के म्हणजे शंभर नव्हेत. आणि तो प्रयोग बंदिस्त घरांतील आहे, वाऱ्याच्या गच्चीवरचा नव्हे. शिवाय एकाच घराण्यांतील द्रव्यें वर्षानुवर्षें वापरल्यामुळें अनेक ठिकाणच्या डांसांना तीं पूर्वीइतकीं बाधत नाहींत. उपकरण हें ढालीसारखें आहे. ढालीनें वार चुकतो. शत्रूची संख्या कमी होत नाहीं.

ती कमी कशी होते, हें त्या इमारतींत एका रविवारीं दिसून आलें. महानगरपालिकेचे कर्मचारी तपासणीस आले होते. ते प्रथम गच्चीवर गेले. तेथें कूलरच्या तळाशीं पाणी होतें, एक फुटकी बादली होती, झांकण सरकलेली टांकी होती. पण त्यांत कांहीं सांपडलें नाहीं. सांपडलें तें आजीबाईंच्या घरापुढील सज्जांत, तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलींत. रोज तुळशीला घातलेल्या पाण्यापैकीं जें झिरपून खालीं येई, तें त्या ताटलींत बोटभर सांचून राहत असे. कर्मचाऱ्यानें विजेरीचा उजेड पाडला. पाण्यांत सुतासारखीं बारीक पिलें वळवळत होतीं. उजेड पडतांच तीं झटक्यासरशीं तळाशीं गेलीं.

आजीबाई कितीतरी वेळ त्या ताटलीकडे पाहत उभ्या राहिल्या. शेवटीं त्या मुलाला म्हणाल्या, “म्हणजे तिला मीच...” त्यांना पुढें बोलवेना. कर्मचारी पोक्त होता. तो म्हणाला, “आजी, कोणता डांस कोठला, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. खालच्या दुकानाच्या टायरांत असेल, शाळेंत असेल. मागचें सोडा. दर आठवड्याला एवढी ताटली पालथी करा, म्हणजे झालें.”

त्याच्या बोलण्यांत शास्त्र होतें. उबदार हवेंत अंड्यापासून उडणारा डांस होण्यास सातआठ ते दहा दिवस लागतात. तेव्हां सांचलेलें पाणी आठवड्यांतून एकदां ओतून टाकलें, तर पाण्यांतील पिलांना पंख फुटण्यापूर्वींच त्यांचा निकाल लागतो. मात्र नुसतें ओतून भागत नाहीं. एडीसचीं अंडीं पाण्याच्या काठालगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेलीं असतात. तीं कोरड्यांत कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हां पाणी येतांच उबतात. म्हणून भांडें ओतल्यावर काथ्यानें घांसून काढावें, ऊन दाखवावें व मग भरावें. ओतलेलें पाणी गटारांत न टाकतां कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या फरशीवर टाकावें. टांकीचें झांकण घट्ट असावें व तिच्या वाहून जाण्याच्या नळीला जाळी असावी, कारण शहरी हिवतापाचा डांस अशाच स्वच्छ पाण्यांत वाढतो. फुलदाणी, शीतकपाटाच्या मागील तबक, पक्ष्यांसाठीं ठेवलेलें पाणी, वरच्या छपरावर पडलेलीं करवंट्या-डबडीं, या सर्वांचा फेरा आठवड्यांतून एक दिवस ठरवून व्हावा. एडीस आपल्या जन्मस्थानापासून फार दूर उडत जात नाहीं. त्यामुळें एका घरच्या ताटलीचा प्रश्न हा शेजाऱ्यांचाहि प्रश्न असतो, आणि एका इमारतीनें केलेली स्वच्छता त्याच इमारतीच्या पदरांत पडते.

त्या वर्षीं कोजागिरी गच्चीवरच झाली. ती व्हावी असें आजीबाईंनींच सांगितलें. सायंकाळीं मुलें खालीं खेळावयास गेलीं तेव्हांच त्यांच्या अंगांत पूर्ण बाह्यांचे सदरे होते व हातापायांस मलम चोळलेलें होतें. रात्रीं गच्चीच्या एका टोकाला, जिकडे वयस्क मंडळी बसली होती, तिकडे उभा पंखा लावला. दुसऱ्या टोकाला, मुलें गाण्याच्या भेंड्या लावीत होतीं तेथें, पश्चिमेकडच्या मंद झुळकेच्या वाटेवर दोन डब्या अर्धा तास अगोदर सुरू करून ठेवल्या. दुधाचें पातेलें झांकलेलें होतें. चंद्र माथ्यावर आला तेव्हां क्षणभर झांकण काढून त्याचें प्रतिबिंब दुधांत पाहिलें आणि पेले भरले. कोणी एकदोनदां पायावर थाप मारली असेल, नाहीं असें नाहीं. पण बैठक मोडून कोणी उठलें नाहीं.

त्यानंतर दर रविवारीं सकाळीं आजीबाई इमारतीचा जिना उतरतात व चढतात. बरोबर नात असते. ती दर मजल्यावरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या मोजते, आणि आजीबाई त्या पालथ्या करवून घेतात. पहिल्या रविवारीं सतरा ताटल्यांत पाणी होतें. दिवाळीच्या आधल्या रविवारीं तीनांत होतें. लक्ष्मी ‘कोण जागें आहे’ असें वर्षांतून एका रात्रीं विचारते. डांस तोच प्रश्न दर आठवड्याला विचारीत असतो, आणि त्याला उत्तर द्यावयाचें तें दिवसाउजेडीं, एका घांसणीनिशीं द्यावें लागतें.